ओहोळाचं काम डोंगरावरून सुरू करा: सव्वा वर्षाचा अनुभव

नाशिकमधल्या सातपूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून उतरून नंदिनीला मिळणाऱ्या एका लहान ओहोळावर आम्ही सप्टेंबर २०२४ पासून काम करतोय. नंदिनी म्हणजे जुन्या लोकांची नासर्डी. सातपूर, अंबड, सिडको असं करत ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते. आमचा ओहोळ अडीच किलोमीटरचा: वरचे सातशे मीटर वनजमीन, मधला सव्वा किलोमीटरभर शेतं, शेवटचा तुकडा नव्या वस्तीतून. कागदावर त्याला नाव नाही, नुसतं ‘नाला’ लिहिलंय. एकदा नाला म्हटलं की त्यात पाइप सोडायला कुणाला काही वाटत नाही, म्हणून आम्ही ओहोळच म्हणतो.

नाशिकमध्ये आपापल्या भागातल्या ओहोळासाठी काही करावं असं वाटणारे बरेच जण आहेत. सुरुवात कुठून करायची, इथेच बहुतेकांचं अडतं. आम्ही कोणत्या क्रमाने गेलो, किती थांबावं लागलं, पैसे कुठे गेले आणि काय बिघडलं, ते सगळं इथे लिहितोय.

आधी तीन रविवार नुसतं चालणं

८, १५ आणि २२ सप्टेंबरला आम्ही ओहोळ संगमापासून माथ्यापर्यंत चालून काढला. पाऊस संपत आलेला आणि पाणी वाहतं असतानाच हे करायला हवं, कारण कोणती घळ गढूळ पाणी आणते आणि कोणती स्वच्छ, हे तेव्हाच दिसतं. प्रत्येक घळीच्या तोंडाशी काचेच्या बाटलीत पाणी भरून ती तासभर स्थिर ठेवायची आणि तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजायचा. पाच घळींपैकी दोनच घळी बहुतेक माती आणत होत्या आणि दोन्हींच्या वर उघडा पडलेला उतार होता. या मोजणीमुळे निम्मं काम वाचलं. उरलेल्या तीन घळींना आम्ही हात लावला नाही.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं लहान यंत्र, पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो. आमच्याकडे वर १८०, शेतांखाली २६० आणि वस्तीखाली ६४० असं वाचन आलं. मीटर प्रदूषणाचा प्रकार सांगत नाही, पण आकडा ज्या पन्नास मीटरांत उडी मारतो तिथे काहीतरी मिसळतंय एवढं नक्की कळतं. आमची उडी एका ड्रेनेज चेंबरपाशी होती.

याच काळात जेसीबी लावून ओहोळ खोल आणि रुंद करा, असा सल्ला भरपूर जणांनी दिला. आम्ही तो घेतला नाही आणि तुम्हीही सहसा घेऊ नका. साचलेला गाळ काढणं वेगळं आणि तळाचा मुरूम फोडणं वेगळं. तळ खाली गेला की कडेच्या जमिनीत मुरलेलं पाणी ओहोळात लवकर उतरून निघून जातं. काठ उभे होतात आणि पुढच्या पावसात ढासळतात. काठावरची निर्गुडी, करंज, लव्हाळा गेला की माती धरायला काही उरत नाही. आणि वरून येणारी माती थांबवलेली नसेल, तर केलेलं खोलीकरण दोन पावसाळ्यांत पुन्हा गाळाने भरतं. नाशिकच्या खाली गोदावरीवर असलेला नांदूरमधमेश्वरचा जलाशय गाळाने किती भरलाय ते पाहिलं की ही माती शेवटी कुठे जाते ते कळतं.

कागद

जमीन कोणाची, हे ठरल्याशिवाय कुदळ मारायची नाही. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घेतला, लागून असलेल्या गटांचे सातबारे ऑनलाइन काढले आणि दोन्ही एकत्र लावून ओहोळाचे तीन भाग केले. प्रत्येक भागाची परवानगी वेगळी.

गावाचा भाग सोपा गेला. २ ऑक्टोबरची ग्रामसभा गाठली आणि ठराव करून घेतला. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतातच, त्यामुळे अर्ज निदान दहा दिवस आधी ग्रामसेवकांकडे देऊन विषय अजेंड्यावर घ्यायला सांगा. आयत्या वेळचा विषय पुढे ढकलला जातो. ठरावात जागा, कामाचा प्रकार, काळ आणि ‘कोणताही मालकीहक्क सांगणार नाही’ हे वाक्य असू द्या. शेवटच्या वाक्यामुळे शेतकऱ्यांची निम्मी शंका जाते. ज्यांच्या बांधाला लागून काम होतं त्या सात शेतकऱ्यांची लेखी संमती वेगळी घेतली. एका आजोबांनी सही करायच्या आधी आम्हाला त्यांच्या विहिरीवर नेलं आणि पाणी मार्चमध्ये कितव्या पायरीवर येतं ते दाखवलं. ती पायरी आज आमचं सगळ्यात भरवशाचं मोजमाप आहे.

वनजमिनीचा अर्ज ९ ऑक्टोबरला वनपरिक्षेत्र कार्यालयात दिला. सोबत कक्ष क्रमांक टाकलेला नकाशा, चरांच्या आणि बांधांच्या जागांचे अक्षांश-रेखांश, कोणतं झाड तोडणार नाही याचं हमीपत्र आणि गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला. मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली. परवानगी हातात पडली ती १७ जानेवारी २०२५ ला, म्हणजे शंभर दिवसांनी. या शंभर दिवसांत मन फार खालीवर होतं, उत्साहाने आलेली माणसं गळतात. तरी परवानगीशिवाय वनजमिनीत साधा चर खोदणंही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतं, तेव्हा घाई नको. वाट बघायच्या काळात खालची कामं धरा. आम्ही तेच केलं.

वनराई बंधारा: १० आणि १७ नोव्हेंबर

वनराई बंधारा म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध. तो पाऊस थांबल्यावर आणि धार बारीक झाल्यावर घालायचा असतो. आमच्याकडे पात्र सहा मीटर रुंद, बंधाऱ्याची उंची एक मीटर, तळाची रुंदी पावणेदोन मीटर, माथा साठ सेंटिमीटर. या मापाला सिमेंटच्या साडेतीनशे रिकाम्या गोण्या लागल्या. बांधकामावरून चार रुपयांना एक मिळाली. फाटकी गोणी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

गोणी दोन तृतीयांशच भरायची. तट्ट भरलेली गोणी गोल होते, शेजारच्या गोणीशी जुळत नाही आणि फटीतून पाणी जातं. सैल गोणी बसते, चपटी होते, धरून राहते. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं आणि शिवलेली बाजू वरच्या अंगाला ठेवायची नाही. थर विटांसारखे सांधे चुकवत रचायचे आणि दोन ओळींमध्ये चिकणमाती पायाने तुडवून भरायची. भरण्यासाठी माती पात्रातल्या साचलेल्या गाळाची घ्यावी, काठ कोरून घेऊ नये.

पहिल्या रविवारी बंधारा उभा राहिला आणि तासाभरात खालून पाझरू लागला. आम्ही पाया गोट्यांच्या थरावर घातला होता. पाणी गोण्यांतून जात नव्हतं, गोट्यांतून जात होतं. पुढच्या रविवारी मधल्या तीन मीटरच्या गोण्या काढल्या, मुरूम लागेपर्यंत एक फूट उकरलं, चिकणमाती ठोकून बसवली आणि पुन्हा रचलं. पाणी थांबलं. ज्यांनी दोनदा तीच गोणी उचलली त्यांचे चेहरे आठवतात, म्हणून सांगतो, आधी पहारीने तळ चाचपा.

घाणेरी

डिसेंबर घाणेरीचा. तिला इकडे टणटणीही म्हणतात. कोयत्याने बुंध्यातून तोडली की ती पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटते. आमचा पहिला अर्धा गुंठा असाच वाया गेला. बरोबर पद्धत अशी: झुडपाच्या बुंध्याशी कुदळीने माती मोकळी करायची, जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडे, तिथेच ठेवायचं. फांद्या मातीला टेकल्या तर मुळं धरतात, उलटं ठेवलं की वाळतं. दोघांची जोडी तीन तासांत पंचवीस-तीस झुडपं काढते.

हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेतच. घाणेरीच्या बुडाशी फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. आधी लांब काठीने झुडूप हलवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग हात घालायचा. बिबट्याचा वावर असल्याने उजाडल्याशिवाय डोंगरावर चढायचं नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

सगळी घाणेरी एका वर्षात काढू नका. तित्तर, लावे, मुंगूस तिचाच आडोसा घेतात. आम्ही दरवर्षी एक तृतीयांश काढायचं ठरवलंय, आणि तेही वरून खाली. पक्षी बी टाकतात म्हणून उंच झाडांखाली रोपटी पुन्हा येतात. पावसाळ्यानंतर तिथे हाताने उपटत फिरावं लागतं, ते दोन-तीन वर्षं चुकत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या पावसात कुसळी आणि मारवेल आपोआप आलं. शेळ्या चारणाऱ्या मावशींशी बोलून ठरवलं, की ऑक्टोबरपर्यंत शेळ्या या पट्ट्यात सोडायच्या नाहीत आणि नंतर गवत कापून न्यायचं. त्या बदल्यात बंधाऱ्याच्या पाण्यावर जनावरं पाजायला वाट करून दिली. शेळ्यांची अडचण नियमांच्या पाटीने सुटत नाही, अशा बोलण्याने सुटते.

चर आणि बांध: फेब्रुवारी ते मे

परवानगी मिळाल्यावर २ फेब्रुवारीपासून दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ. आधी समपातळी आखणी. त्यासाठी ए-फ्रेम घरीच केली: सात फुटांचे दोन बांबू वर बांधले, मधे आडवा बांबू, टोकातून सुतळीला दगड लटकवला. फ्रेम जमिनीवर उभी करून सुतळी आडव्या बांबूवर कुठे येते तिथे खूण करायची, मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी, तीच पातळीची खूण. ही अदलाबदल टाळली तर फ्रेमच चुकीची असते आणि आखलेली प्रत्येक रेघ थोडी थोडी उतरत जाते. वाऱ्यात दगड हलतो म्हणून आखणी सकाळी लवकर उरकायची, रेघ फक्कीने मारायची.

चर साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल. एका मीटरला १८० लिटर पाणी राहतं. माती खालच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. ती जागा सोडली नाही तर पहिल्या सरीत माती परत चरात येते. सलग लांब चर काढायचा मोह होतो, पण नवख्या हातांनी तो काढू नये. पातळीत चार बोटांची चूक झाली की सगळ्या चराचं पाणी एका जागी गोळा होतं, तिथून फुटतं आणि नवी घळ पाडतं. आम्ही चार-चार मीटरचे तुकडे काढले, वरच्या ओळीतला मोकळा भाग खालच्या ओळीत चर येईल असे. जिथे गवत दाट आहे तिथे चर काढलेच नाहीत. गवत उपसून चर काढणं म्हणजे चांगली शिवण उसवून ठिगळ लावणं.

कडक मुरमात एक माणूस तीन तासांत जेमतेम दोन मीटर खोदतो. हे आधी माहीत असलं तर निराशा होत नाही. मेपर्यंत ४१० मीटर झाले. त्यातलं काही काम गावातल्या लोकांकडून मजुरीने करून घेतलं, सहाशे रुपये रोज.

गढूळ पाणी आणणाऱ्या दोन्ही घळींत अनगड दगडांचे नऊ बांध घातले. दोन बांधांमधलं अंतर अंदाजाने ठेवू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घेऊन उतार मोजा. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आला पाहिजे. आमचा उतार शंभर मीटरला पाच मीटर आणि बांधाची उंची नव्वद सेंटिमीटर, म्हणून अंतर अठरा मीटर. एका बांधाला सरासरी पावणेदोन ब्रास दगड लागला. मोठे दगड खालच्या तोंडाला, लहान आत. नारळापेक्षा लहान दगड बाहेर लावू नये. उतारावर अर्धे रुतलेले दगड उचलू नका, ते माती धरून बसलेले असतात. आम्ही घळीत सुटे पडलेले दगड वापरले आणि कमी पडले तेवढे ट्रॅक्टरने आणले.

जिथे दोन घळी एकत्र येऊन काठ कापत होत्या तिथे मात्र सुटे दगड टिकले नसते. तिथे दोन बाय एक बाय एक मीटरच्या तीन जाळ्यांचा गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध, घातला, अर्धा मीटर पाया घेऊन. पाणी जिथे पडतं तिथे खाली दगडांचं अंथरूण लागतं, नाहीतर पडणारं पाणी पायाच उकरतं.

पाऊस आधीच आला

गोण्या मेअखेर काढायच्या, असं वहीत लिहून ठेवलं होतं. २०२५ चा मे सगळ्यांना आठवत असेल. पहिल्या पंधरवड्यापासूनच पाऊस सुरू झाला आणि महिना संपायच्या आत मान्सून राज्यात शिरला. सहा महिने उन्हात राहिलेल्या प्लास्टिकच्या गोण्यांचे धागे सुटलेले असतात. ओढ्याला पाणी आलं आणि साठेक गोण्या फाटून खाली गेल्या. त्यांच्या दोऱ्या आम्ही पुढचे तीन रविवार निर्गुडीच्या फांद्यांतून सोडवत होतो, सगळ्या मिळाल्या नाहीत. ज्या पाण्यासाठी काम करायचं त्यातच प्लास्टिक सोडलं, याचं फार वाईट वाटलं. आता तारीख १५ एप्रिल केली आहे. तोवर बंधाऱ्यामागचं पाणी तसंही आटलेलं असतं.

त्याच पावसात नऊपैकी दोन बांध बाजूने फुटले. दोन्हींचा माथा सपाट होता. पाण्याला मधून जायला खोलगट सांडवा नसला की ते कडेला सरकतं आणि काठाची माती खाऊन वाट काढतं. दगड जागच्या जागी, शेजारी दोन फुटांचं भगदाड. दुरुस्ती करताना मधला एक तृतीयांश भाग तीस सेंटिमीटर खाली घेतला आणि दोन्ही टोकं काठात साठ सेंटिमीटर आत घुसवली. उरलेल्या सात बांधांमागे मात्र जूनअखेर वीतभर गाळ बसला होता. भर पावसात वरच्या बांधाशी चहासारखं पाणी आणि सातव्याखाली तळाचे गोटे दिसतील इतकं निवळ, हे उभं राहून बघितलं त्या सकाळी कुणी फारसं बोललं नाही.

रोपं

खड्डे एप्रिलमध्येच दीड फुटी घेतले होते, माती तापायला. लावणी २९ जूनला. काठाजवळ उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन, वाळुंज. वरच्या खडकाळ भागात खैर, पळस, पांगारा. उतारावरच्या गवताळ पट्ट्यात झाडं लावली नाहीत, तिथे गवतच हवं. साठ रुपयांचं, दीड-दोन वर्षं वाढलेलं रोप घ्या. वीतभर रोपाला गवत दाबून टाकतं. पिशवी पूर्ण कापून काढायची, तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने छाटायची. २४० लावली, जानेवारी २०२६ च्या मोजणीत १८७ जिवंत. गेलेल्यांत निम्मी काठाच्या अगदी जवळ लावलेली होती, पुराने ओढून नेली. वाळुंज आणि शेरणी पुरात वाकून पुन्हा उभी राहतात, तेव्हा पहिली ओळ त्यांचीच ठेवायला हवी होती.

चेंबर

खालच्या सांडपाण्याचं प्रकरण समांतर चालू होतं. तोंडी सांगून काही झालं नाही. फोटो, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ टाकून लेखी तक्रार डिसेंबर २०२४ मध्ये केली आणि पोच घेतली. फोटो कोरड्या दिवसांतलेच हवेत. पावसाळ्यातला फोटो दिला की ते पावसाचं पाणी आहे, असं उत्तर येतं. दीड महिना हालचाल नाही म्हणून माहिती अधिकारात विचारलं: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘ओहोळ प्रदूषित का आहे’ असं विचारू नका. ‘अमुक तक्रारीवर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, त्याची प्रत’ असं विचारा. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं आणि मे महिन्यात तुंबलेली वाहिनी मोकळी करून चेंबर जोडला गेला. वस्तीखालचा आकडा आता ३१०च्या आसपास असतो. राडारोडा टाकण्याच्या तक्रारीला विकास आराखड्यातला निळी पूररेषा दाखवणारा नकाशा जोडला. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, तिच्या आत भराव घालता येत नाही. नकाशा जोडला की तक्रारीचं वजन वाढतं.

पैसे आणि मोजमाप

एकूण खर्च बहात्तर हजार. मजुरी अठरा हजार, रोपं १४,४००, कुदळी-टिकाव-पहारी-घमेली १४,२००, गॅबियनची जाळी साडेअकरा हजार, गमबूट-हातमोजे ६,८००, ट्रॅक्टरच्या चार खेपा ४,८००, गोण्या १,४००, बाकी नकाशे, झेरॉक्स, स्टॅम्प. सगळी वर्गणी, हिशेब दर महिन्याला गटावर. अवजारं आपली असावीत, उसनी कुदळ कामाच्या दिवशी मिळत नाही.

पाणी वाढलं का, असं सगळे विचारतात. मोरीच्या पाइपखाली वीस लिटरची बादली धरून सेकंद मोजतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बादली भरायला चौदा सेकंद लागत, नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ. पण २०२५ चा पाऊस मेपासून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला, त्यामुळे हे चरांचं काम असं आम्ही म्हणत नाही. आजोबांच्या विहिरीची पायरी या मार्चमध्ये आणि पुढचे दोन मार्च बघायची आहे.

सध्या वणवा अडवणाऱ्या जाळरेषेचं काम संपत आलंय. तीन मीटर रुंद पट्टा गवत कापून, पालापाचोळा झाडून मुरमापर्यंत मोकळा केला, रस्त्याकडच्या बाजूने पूर्ण आणि माथ्यावर अर्धा. जानेवारी ते एप्रिल वणव्याचे महिने, म्हणून दुपारी बारा ते सहा दोघांची पाळी लावली आहे. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक गावच्या पारावर आणि डोंगराच्या वाटेवर रंगवला. माथ्यावरचा उरलेला अर्धा पट्टा येत्या रविवारी.